मार्गितचा डोंगर

२ एप्रिल २०१९, मंगळवार

प्रयोगशाळेत मशिनचे दोन निकेलचे शंकू पोचवले, माझ्या लेथवर केलेले. रुमालात गुंडाळून, कोटाच्या आतल्या खिशात. ट्राममध्ये एक जाडजूड बाई शेजारी येऊन बसली, तिचं कोपर लागेल म्हणून उठलो आणि शेवटपर्यंत उभा राहिलो. निकेल मऊ असतं. टोकाला एवढासा धक्का बसला तरी भोक गोल राहत नाही, आणि भोक गोल नसलं की मशिन आंधळं.

नुआलाने शंकू भिंगाखाली धरले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "सुरेख झालेत, अल्बिन-बाची." बाची म्हणजे आमच्या हंगेरियनमध्ये काका. चौदा वर्षांपूर्वी, आम्ही हे मशिन बनवत होतो त्या शेडमध्ये ती शिकायला आली तेव्हा माझ्या बायकोने, मार्गितने, तिला हा शब्द शिकवला. आता ती डॉक्टर नुआला टियरनी आहे, या प्रयोगशाळेची प्रमुख आहे, पण शब्द सोडलेला नाही.

शंकू तिने ड्रॉवरमध्ये ठेवले. मी विचारलं, "लावत नाही?"

"लावू ना. वेळ आली की."

सुरेख म्हणाली, पण दुसरा शंकू पाहताना तिची भुवई वर गेली होती. घरी येऊन माझ्या वहीतली मापं पुन्हा तपासली. बरोबर आहेत. मग भुवई का?

जुनं मशिन, आमची म्हातारी, एकवीस जूनला भंगारात जाणार. आज तारीख कळली. नवीन मशिन शेजारच्या खोलीत येऊन बसलंय, पांढरं, आवाज नसलेलं, फ्रिजसारखं. आमच्या म्हातारीवर अजून आठ रुग्णांचे नमुने व्हायचे आहेत. आधीचे ऐंशी तिच्यावर झाले, तेव्हा हे आठही तिच्यावरच व्हायला हवेत, नाहीतर तुलना करता येत नाही म्हणे. त्या आठांत माझी मार्गित आहे. तिच्या रक्ताच्या तीन कुप्या. औषधाआधीची, मधली, शेवटची. दोन वर्षं झाली, द्रव नायट्रोजनच्या पिंपात गोठून पडल्या आहेत.

४ एप्रिल, गुरुवार

ट्राम चुकली. दहा मिनिटं उशिरा पोचलो. कोणी काही बोललं नाही, आणि हेच मला आवडत नाही. कामावरच्या माणसाला उशीर झाला की कोणीतरी बोलतं.

डेस्मंड मात्र बोलला. तो इथला तंत्रज्ञ, जमैकाचा, साठीला आलेला, जिभेला हाड नाही. "या, या साहेब! आम्हाला वाटलं तुम्ही वाटेत एखाद्या विधवेबरोबर उतरलात."

"तू तुझं काम कर."

"माझं काम तुमच्यावर लक्ष ठेवणं," तो म्हणाला आणि हसला. यात काहीतरी तथ्य असावं अशी मला शंका आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण ती डोक्यातून जात नाही. मार्गितच्या तिन्ही कुप्या एकदाच मोजता येतील. दुसरी संधी नाही. या मशिनमध्ये पेशी एकेक करून ज्योतीत जाते आणि जळून तिचे अणू होतात, तेव्हाच तिची मोजणी होते. मोजली की गेली. म्हणजे त्या दिवशी मार्गितचं या जगात जे काही उरलंय ते माझ्या शंकूच्या भोकातून जाईल आणि संपेल. आणि त्या दिवशी मशिनने दगा दिला तर उत्तरही नाही.

उत्तर मला हवंय. त्या नव्या, अजून चाचणीत असलेल्या औषधासाठी मार्गित तयार नव्हती. मी तिला तयार केलं. भांडून. पुढचे सात महिने ती बादली उशाशी घेऊन झोपली आणि शेवटी गेलीच. अंत्यविधीच्या दिवशी आमच्या इल्दीने सगळ्यांसमोर म्हटलं, "अपू, तिला शांतपणे जाऊ द्यायचं होतंस." अपू म्हणजे बाबा. त्या दिवसापासून इल्दी हॅमिल्टनहून दर रविवारी फोन करते, हवेबद्दल बोलते आणि ठेवते.

औषधाने आत काही केलं होतं की ते सात महिने फुकट गेले, हे फक्त त्या तीन कुप्या सांगतील.

९ एप्रिल, मंगळवार

एक शंकू दिला. नुआलाने तोही ड्रॉवरमध्ये ठेवला. कपाटात कंपनीच्या शंकूंचा नवाकोरा खोका पाहिला. दहा नग. मला कोणी सांगितलं नाही. म्हणजे मला काढायचं घाटतंय. सरळ सांगत का नाहीत?

२२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

आज आमच्याकडे पुरुषांनी बायकांवर पाणी शिंपडायचं असतं. गावाकडे विहिरीवर नेऊन बादलीच ओतायचे, शहरातली माणसं अत्तराचे दोन थेंब उडवायची. "तू फूल आहेस, सुकू नकोस म्हणून पाणी घालायला आलोय," अशा अर्थाचं काहीतरी म्हणायचं, मग बाई रंगवलेलं अंडं देते. मार्गितवर मी एकावन्न वर्षं शिंपडलं, त्यातलं शेवटचं रुग्णालयात, नर्सची नजर चुकवून. अंडं नव्हतं, तिने उशीखालून जेलीची डबी काढून दिली.

यंदा उठलो, दाढी केली, अत्तराची बाटली हातात घेतली आणि तसाच उभा राहिलो.

शेड आठवली. शहराच्या उत्तरेला, हमरस्त्याच्या पलीकडे, एका बाजूला टायरवाला आणि दुसऱ्या बाजूला इटालियन पावभट्टी. सकाळी आत शिरलं की पाव आणि रबर असा मिळून वास. आम्ही सगळे मिळून सात जण. साहेब लोक फळ्यावर लिहायचे, पुसायचे, पुन्हा लिहायचे. मी आठवीत शाळा सोडून बुडापेस्टला लेथवर लागलेला पोरगा, सोळाव्या वर्षी सरहद्द ओलांडून इकडे आलो, मला फळ्यावरचं काय कळणार? पण काढलेलं चित्र माझ्यासमोर ठेवलं की वस्तू तयार. पहिला शंकू मी केला. पहिल्या नऊ शंकूंची भोकं वाकडी होती, दहावा बसला.

मार्गितला एकदा समजावून सांगितलं होतं, की रक्तातल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर निरनिराळ्या दुर्मीळ धातूंची बिल्लेपट्टी चिकटवायची, जनरलच्या छातीवर पदकं असतात तशी. मग एकेका जनरलला ज्योतीतून काढायचं आणि पदकं मोजायची. कोणती पदकं, किती, यावरून तो कोण होता ते कळतं. एका वेळी तीस-चाळीस तऱ्हेची पदकं.

ती वरवंट्यासारखं लाटणं हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली. "म्हणजे जनरलला जाळता आणि पदकं ठेवून घेता?"

"तसंच काहीसं."

"चांगलं करता. छप्पन साली रशियन रणगाडे आले तेव्हा असं मशिन हवं होतं."

२३ एप्रिल, मंगळवार

धीर करून नुआलाला विचारलं. ती म्हणाली, "मी तुमची वाटच पाहत होते, बाची," आणि डोकं पुढे केलं. अत्तर इथे चालणार नाही म्हणून प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्याचे दोन थेंब उडवले. तिने मला उकडलेलं अंडं दिलं, लाल रंगवलेलं. ती आयरिश, तिच्यात हे नाही. म्हणजे काल घरी बसून मुद्दाम रंगवलं असणार.

डेस्मंड म्हणाला, "माझ्या अंगावर उडवलंत तर तुमची तक्रार करीन."

१४ मे, मंगळवार

शुद्ध पाण्याच्या मोठ्या बाटलीचं झाकण तडकलं होतं. डेस्मंड फेकून नवीन मागवणार होता. मी म्हटलं, "आण इकडे. दोन दिवसांत आटे पाडून नवीन झाकण करून देतो." काहीतरी उपयोगाचं काम मिळालं म्हणून बरं वाटलं. शंकू काय, करतोय आणि देतोय.

१६ मे, गुरुवार

पाऊस होता, गेलो नाही. तळघरात लेथवर झाकण केलं. पांढऱ्या टेफ्लॉनचं, छान झालं. पण बसवून बघताना बाटलीच्या गळ्याला लेथच्या तेलाचे हात लागले. नुसत्या पाण्याने जाईना. अशी चिकट बाटली नुआलाच्या हातात कशी देणार?

मोरीखाली मार्गितचा हिरवा साबण होता, अर्धी बाटली. ती गेल्यापासून मी त्याला हात लावलेला नव्हता, भांड्यांना दुसरा आणतो. आज उघडला. झाकण, गळा आणि बाहेरची बाजू घासली. फक्त बाहेरून. आत थेंब जाऊ दिला नाही, मला तेवढं कळतं. चांगली तीन वेळा विसळली.

स्वयंपाकघरात तो वास सुटला आणि मी चक्क मागे वळून पाहिलं.

बाटली अशी चकचकली, की मार्गितने घासली म्हणून कोणीही ओळखलं असतं.

२१ मे, मंगळवार

बाटली दिली. नुआला म्हणाली, "नव्यासारखी झाली." डेस्मंडने ती इतर बाटल्यांच्या रांगेत मागे लावून ठेवली.

सात रुग्णांचं काम पुढच्या तीन आठवड्यांत. मार्गित शेवटी. मी कारण विचारलं नाही. शेवटी ठेवली म्हणजे मशिन तोवर थकलेलं असणार, ही भीती वाटते.

२८ मे, मंगळवार

चार जण झाले. मशिन गोड चाललंय.

४ जून, मंगळवार

वाईट बातमी. पाच झाले आणि आज सकाळी नुसतं पाणी सोडून तपासणी केली तर पडद्यावर बेरियम. नसायला हवं तिथे उभा सुळका. रुग्णाचा नमुना सोडला नव्हता हे नशीब. पण बेरियम असताना नमुना सोडता येत नाही. त्याच्या सावलीत शेजारच्या धातूंच्या खुणा बुडतात आणि मशिनची नजरही खराब होते.

सतरा दिवस उरलेत. तीन रुग्ण बाकी.

शंकू! निकेलच्या कांबीत भेसळ असेल. गेल्या वर्षी नवीन ठिकाणाहून कांब आणली होती. मी डेस्मंडला म्हटलं, "माझा शंकू काढून बघ."

"तुमच्या शंकूचा काही संबंध नाही."

"तुला कसं माहीत?"

त्याने कोरडीच नळी उचलून पुसायला घेतली. मग म्हणाला, "माहीत आहे, साहेब. माझ्यावर विश्वास ठेवा. जा, चहा प्या."

मला वाचवण्यासाठी खोटं बोलतोय. म्हणजे शंकूच आहे.

६ जून, गुरुवार

नळ्या बदलल्या. फवारा बदलला. बेरियम तसंच. नुआलाचा चेहरा उतरलाय, पण मला पाहिलं की हसते. असं हसणं मी रुग्णालयात पुष्कळ पाहिलंय.

बेरियमचा सुळका पाहून शेडमधला तो सुळका आठवला. तेरा वर्षं झाली. तेव्हाही असंच. नऊ दिवस कोणालाही काही सुचेना, आणि माझ्यावर सगळ्यांचा डोळा, कारण आतली प्रत्येक वस्तू माझ्या हातची. साहेबांनी मला बोलावून दार लावून घेतलं होतं. मी घरी येऊन मार्गितला म्हणालो, "आता पावभट्टीत नोकरी बघतो." दुसऱ्या दिवशी ती माझा डबा द्यायला शेडवर आली. सगळे माना खाली घालून बसलेले. तिने मोरीजवळच्या बाटल्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कशाला तोंडं पाडता? मी तुमच्या बाटल्या धुऊन देते ना दर शुक्रवारी, अजून काय करू?"

साहेब हळूच म्हणाले, "कशाने धुता, मिसेस कोचिश?"

"साबणाने. दुसरं कशाने धुतात?"

साबणात बेरियम असतं हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी दर शुक्रवारी त्या बाटल्या घरी नेत होतो, कारण त्या मळकट दिसतात म्हणून ती मला टोचत होती. सगळी शेड टायरवाल्याला ऐकू जाईल एवढ्याने हसली. नुआला तर जमिनीवर बसली. त्या दिवसापासून बेरियमच्या सुळक्याचं नाव पडलं 'मार्गितचा डोंगर'. मोरीवर पाटी लागली, 'साबण बंदी, मार्गितसुद्धा.' ती पाटी नुआलाने इथे आणून लावलीय, अजून आहे.

मजेचे दिवस होते. आता हसायला कोण उरलंय? यावेळी शंकू आहे, आणि शंकू म्हणजे मी.

७ जून, शुक्रवार

सकाळी कॉफीचा कप घासताना हातातून सुटला.

बाटलीचा गळा. झाकणाचे आटे.

बाहेरून म्हणजे काय? झाकण घट्ट फिरवलं की आट्यांतलं सगळं पाण्यात उतरतं. आटे मीच पाडलेत. मला माहीत नसेल तर कोणाला माहीत असणार? तीन वेळा विसळली म्हणे!

आता सांगायचं कसं? सांगितलं की माझं मंगळवार-गुरुवार येणं बंद. न सांगावं तर मार्गितच्या कुप्या पिंपातच राहतील आणि मशिन भंगारात जाईल. दिवसभर जेवलो नाही. फोन उचलला, ठेवला. चार वाजता पुन्हा उचलला आणि नुआलाला सगळं एका दमात सांगितलं. साबण मार्गितचा होता हेही सांगितलं.

पलीकडून एकदम हसण्याचा आवाज, थांबेचना. मला वाटलं रडतेय. बहुतेक दोन्ही होतं. मागून डेस्मंड ओरडला, "काय झालं?" तिने त्याला सांगितलं असावं, कारण मग त्याचाच आवाज आला, फोन हिसकावून घेतलेला. "साहेब, तुमची बायको स्वर्गात गेली तरी डोंगर घेऊन फिरतेय की हो!"

"मला काढून टाका," मी म्हटलं.

"काढतो. आधी मंगळवारी या आणि सगळ्या बाटल्या फेकायला मदत करा."

११ जून, मंगळवार

सगळ्या बाटल्या फेकल्या. नवीन नळ्या, नवीन फवारा. म्हातारीला दिवसभर शुद्ध पाणी पाजलं. सुळका निम्म्यावर आला. मी पाटीखाली उभा होतो. नुआलाने मार्करने 'मार्गितसुद्धा'च्या पुढे लिहिलं, 'आणि अल्बिन.'

मला अजून काढलेलं नाही.

१३ जून, गुरुवार

डोंगर सपाट. दोन रुग्ण दोन दिवसांत उरकणार. मार्गित मंगळवारी.

सुई शोधताना ड्रॉवर उघडला गेला. माझे शंकू. ऑक्टोबरपासूनचे सगळे, अठरा. एकेक पातळ कागदात गुंडाळलेला, वर तारीख, नुआलाच्या अक्षरात. एकही वापरलेला नाही. ज्योतीचा काळा डाग कुठेच नाही.

बराच वेळ विचार केला. माझे चांगले आहेत म्हणून जपून ठेवले असणार, आणि कंपनीचे आधी वापरून संपवतात. काटकसर समजू शकतो. पण मग माझ्याकडून आणखी का करून घेतात?

१८ जून, मंगळवार

सगळं क्रमाने लिहितो.

तिचा निकाल मला पाहायचा असेल तर कागदावर सही लागते. नुआलाने फाइल काढली. वरती मार्गितचं संमतिपत्र. अक्षर तिचंच, सातच्या आकड्याला मधे आडवी रेघ, आमच्याकडे शाळेत शिकवतात तशी. तिने एका चौकोनात खूण केली होती, 'निकाल पतीला दाखवावा.' खाली सही आणि तारीख, १२ फेब्रुवारी २०१७.

मी म्हटलं, "तारीख चुकलीय. आम्ही नंतर ठरवलं."

नुआला म्हणाली, "मी समोरच होते, बाची. ती एकटी आली होती. हिमवादळ होतं, बुटांवर बर्फ." मग म्हणाली, "तिने मला एकच प्रश्न विचारला. औषधाबद्दल नाही. माझं रक्त अल्बिनच्या मशिनवर जाणार का, म्हणाली. मी हो म्हटलं. मग सही केली."

मी सही केली. वेगळ्या विचाराला वेळ नव्हता, कुप्या वितळायला ठेवल्या होत्या.

डेस्मंडने ड्रॉवरमधला माझा एक शंकू काढला. कागद सोडला. "काल लावून, तपासून ठेवलाय. आज हाच."

"नेहमीसारखाच ना?" मी विचारलं.

तो म्हणाला, "नेहमीसारखाच, साहेब," आणि मशिनकडे वळला.

ज्योत पेटली. पडद्यावर ठिपके पडायला लागले, पावसाचे थेंब खिडकीवर पडतात तसे, मग दाट. प्रत्येक ठिपका एक पेशी. पहिली कुपी दहा मिनिटं. दुसरी दहा. तिसरीला बारा लागली, कारण तिच्यात कमी होत्या. मी मोजायचा प्रयत्न केला, शंभराच्या पुढे जमलं नाही. मग नुसता बघत राहिलो. शेवटी ठिपके विरळ झाले, एक इकडे, एक तिकडे. मग एकच. मग काही नाही.

डेस्मंडने टोपी काढली. तो आत कधी टोपी काढत नाही, टक्कल दिसतं म्हणून.

२० जून, गुरुवार

निकाल. नुआलाने पडद्यावर बेटांसारखी चित्रं दाखवली. प्रत्येक बेट म्हणजे एका जातीच्या पेशी. पहिल्या चित्रात रोगट पेशींचं मोठं लाल बेट. दुसऱ्यात लहान. तिसऱ्यात ते बेट नाहीच.

"म्हणजे औषध चाललं!" मी ओरडलोच.

"त्या जातीवर चाललं. पूर्ण." मग तिने पहिल्या चित्रात एका कोपऱ्यात बोट ठेवलं. चारपाच ठिपके, मला तर धूळ वाटली असती. "ही दुसरी जात. हजारात एक. औषधाला दाद न देणारी. ही तिसऱ्या चित्रात बघा." तिथे मोठं बेट होतं. "एकेक पेशी मोजली नसती तर ही सुरुवातीपासून तिथे होती हे कधी कळलं नसतं. आणखी सहा जणांमध्ये हीच सापडलीय."

"मग ते सात महिने फुकट गेले का?"

तिने पडद्यावरचं बोट काढलं. "मला माहीत नाही, बाची. तिला काही दिवस जास्त मिळाले असतील. किती, ते हे मशिन सांगत नाही."

मला हो किंवा नाही हवं होतं.

२१ जून, शुक्रवार

म्हातारी गेली. चार माणसं, एक ट्रॉली. दारातून काढताना कोपरा घासला, मी ओरडलो, आणि मग लक्षात आलं की आता काय फरक पडतो. जाण्याआधी तिच्या झाकणावर शुद्ध पाण्याचे दोन थेंब उडवले. ईस्टर नाही, तरी.

डेस्मंड म्हणाला, "अंडं मागू नका तिच्याकडे."

२३ जून, रविवार

तळघरातून २०१७ ची वही आणली. गेले पाच दिवस टाळत होतो.

१९ फेब्रुवारीला मी लिहिलंय: 'आज मार्गितशी त्या औषधावरून जोराचं भांडण. दोन तास. माझा घसा बसला. शेवटी ती म्हणाली, बरं, तुझ्यासाठी घेते. मी जिंकलो.'

आणि त्याच्या आधी १२ फेब्रुवारी, रविवार: 'हिमवादळ. मार्गित मैत्रिणीकडे गेली होती, संध्याकाळी आली. बूट भिजलेले. हसत होती. मी ओरडलो, अशा हवेत कोणी बाहेर पडतं का?'

सात दिवस. सात दिवस आधी सही करून आली होती आणि दोन तास माझ्याशी भांडत बसली. का, ते मला कळत नाही. आधीच सांगितलं असतं तर माझा घसा तरी वाचला असता.

'मी जिंकलो' खोडायला पेन उचललं. खोडलं नाही. खाली आजची तारीख घालून लिहिलं, 'ती आधीच सही करून आली होती.'

इल्दीचा फोन आला. हवेबद्दल बोलायला लागली. मी म्हटलं, "थांब," आणि दोन्ही तारखा वाचून दाखवल्या. आधी तिने त्या पुन्हा वाचायला लावल्या. मग म्हणाली, "आई मला म्हणाली होती, तुझ्या अपूच्या हट्टापुढे माझं काही चालत नाही."

"मलाही तसंच वाटत होतं."

"तिने तुला भांडू दिलं, अपू."

"कशासाठी?"

नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "पुढच्या रविवारी मी येते. तुला आंबट चेरीचं गार सूप करता येतं का? आईसारखं?"

मी म्हटलं येतं. येत नाही. उद्या चेरी आणून करून बघतो.

२५ जून, मंगळवार

म्हातारी नाही, तेव्हा आता मंगळवारचा प्रश्नच नाही असं वाटलं होतं. सकाळी नुआलाचा फोन. "कुठे आहात? ट्राम चुकली का?"

"नवीन मशिनला माझे शंकू बसत नाहीत," मी म्हटलं.

"बसत नाहीत. तरी या."

काय काम आहे ते सांगितलं नाही. ते लोक मला का बोलावतात हे अजून कळलेलं नाही. पण उशीर झालाच आहे, तेव्हा आता निघतो. कालच्या सूपचं भांडं घासायचं राहिलंय. मार्गितचा साबण अजून थोडा शिल्लक आहे, तो भांड्यांसाठी चालेल.